विश्लेषण : मुंबईला ३०० एकरांची नवी बाग मिळेल, पण ती तुमच्या घरापासून किती मिनिटांवर?

मलबार हिलवरचा झाडांमधून जाणारा पादचारी मार्ग खुला झाला. कोस्टल रोडलगतच्या विहारपथाचा मोठा भाग नागरिकांसाठी उघडला. महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेवर ‘सेंट्रल पार्क’ उभारण्याची तयारी सुरू आहे. सुट्टीत मुंबई पाहायला येणाऱ्यांच्या यादीत गेल्या दोन-तीन वर्षांत जेवढी भर पडली, तेवढी त्याआधीच्या बऱ्याच वर्षांत पडली नव्हती. मात्र पर्यटकाला वर्षातून एकदा पाहण्याचे ठिकाण हवे असते आणि रहिवाशाला रोज संध्याकाळी बसायला बाक हवा असतो. या दोन गरजा एकाच बागेतून भागतात का, याचा हा हिशेब.

मुंबईत नवे काय आले, काय येणार?

मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानामागच्या उतारावर ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद उन्नत मार्ग २०२५च्या गुढीपाडव्याला खुला झाला. सिंगापूरमधील अशाच मार्गावरून ही कल्पना घेतली गेली. लाकडी फळ्यांच्या या मार्गावरून झाडांच्या शेंड्यांच्या उंचीने चालत गेले की शेवटी गिरगाव चौपाटी समोर दिसते. भारतीयांसाठी २५ रुपये आणि परदेशी पाहुण्यांसाठी १०० रुपये असे तिकीट ठेवण्यात आले. वेळेची नोंदणी ऑनलाइन करावी लागते.

दुसरी मोठी भर कोस्टल रोडची. मरिन ड्राइव्ह ते वरळी या १०.५८ किलोमीटरच्या रस्त्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहनांसाठी सुरू झाला. या रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकून १११ हेक्टर जमीन तयार करण्यात आली. त्यापैकी सुमारे ७० हेक्टर, म्हणजे जवळपास १७५ एकर, मोकळी जागा म्हणून राखण्यात आली आहे. समुद्रालगतच्या साडेसात किलोमीटर लांबीच्या विहारपथाचा बराचसा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला. ५३ हेक्टर हरित पट्टा विकसित करून त्याची देखभाल करण्याचे काम रिलायन्सकडे सोपवण्यात आले आहे. भरावाच्या जमिनीचा निवासी किंवा व्यावसायिक वापर करता येणार नाही, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने घातली आहे.

तिसरी जागा महालक्ष्मी रेसकोर्सची. २११ एकरांच्या या जागेचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला होता. २०२४ मध्ये झालेल्या निर्णयानुसार ९१ एकर जागा टर्फ क्लबकडे राहून १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी मिळणार आहे. हे उद्यान भुयारी मार्गाने कोस्टल रोडच्या हरित पट्ट्याशी जोडण्याची योजना आहे. १२० आणि १७५ मिळून २९५. सरकारी भाषणांत आणि बातम्यांत ‘३०० एकरांचे सेंट्रल पार्क’ असा उल्लेख होतो, तो आकडा इथून येतो.

मुंबईकराच्या वाट्याला आज किती मोकळी जागा आहे?

मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याच्या निमित्ताने पुढे आलेला आणि तेव्हापासून वारंवार सांगितला जाणारा आकडा आहे माणशी १.२४ चौरस मीटर. फुटांत मोजले तर सुमारे साडेतेरा चौरस फूट. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद चटई १५ चौरस फुटांची होते. म्हणजे एका माणसाला आडवे होता येईल एवढीही जागा माणशी येत नाही. केंद्राच्या २०१४ सालच्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. मुंबई त्याच्या आठव्या हिश्शापर्यंतच पोहोचते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे की. सुमारे १०० चौरस किलोमीटरचे जंगल महानगराच्या कुशीत असणे ही मोठीच गोष्ट आहे. विहार आणि तुळशी हे तलाव तिथेच आहेत आणि बिबट्यांचा अधिवासही तिथेच. मात्र जंगल ही वन्यजीवांची जागा आहे. आजीने संध्याकाळी नातवाला घेऊन जायची जागा म्हणून ते मोजता येत नाही. त्यामुळे माणशी मोकळ्या जागेच्या हिशेबात ते धरले जात नाही.

३०० एकरांनी हा आकडा किती वाढेल?

गणित सोपे आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ३०० एकर म्हणजे साधारण १२ लाख १४ हजार चौरस मीटर. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. भागाकार केला की माणशी ०.१ चौरस मीटरहून किंचित कमी जागा येते. म्हणजे जेमतेम एक चौरस फूट. ती लोकसंख्या आता वाढली आहे, हे लक्षात घेतले तर आणखी कमी.

दशकांतून एकदा मिळणारी एवढी मोठी जागा हाती आली, तरी प्रत्येक मुंबईकराच्या साडेतेरा चौरस फुटांच्या चटईला एक फुटाचा तुकडा जोडला जातो. तोही कागदावर. प्रत्यक्षात हा तुकडा ज्यांना तिथे जाणे जमेल त्यांनाच मिळणार. जागा किती याइतकेच ती कुठे आहे आणि तिथे कोण पोहोचू शकते, हे महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

मग दहा मिनिटांत पायी पोहोचू शकणारे किती?

माणूस साधारण चालीने दहा मिनिटांत ८०० मीटर जातो. लहान मूल बरोबर असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर त्याहून कमी. रोज बागेत जायचे तर हे अंतर वरची मर्यादा समजायला हरकत नाही.

आता कल्पना करा की ३०० एकरांची एकच चौकोनी बाग आहे. तिची प्रत्येक बाजू सुमारे १.१ किलोमीटर. तिच्या चारही बाजूंना ८०० मीटरपर्यंतचा वस्तीचा पट्टा मोजला, तर सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर क्षेत्र पायी पोहोचण्याच्या टप्प्यात येते. मुंबई महापालिकेचे क्षेत्र ४५८ चौरस किलोमीटर आहे. शहराची सरासरी दाटी चौरस किलोमीटरला २७ हजार धरली, तर सुमारे दीड लाख लोक या टप्प्यात येतात. सव्वा कोटींमधले दीड लाख.

कोस्टल रोडलगतची जागा चौकोनी नाही, लांबट पट्टी आहे. पण तिच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा रस्ता. सात किलोमीटरच्या पट्टीला एकाच बाजूने ८०० मीटरची वस्ती मिळते आणि हिशेब पुन्हा साडेपाच चौरस किलोमीटरच्या आसपास येतो. रेसकोर्स त्यात वेगळे धरले तरी आकडा दुपटीपलीकडे जात नाही. त्यातही रस्ता ओलांडण्यासाठी ठरावीक ठिकाणी असलेल्या भुयारी पादचारी मार्गांनीच जावे लागते. त्यामुळे खिडकीतून समोर दिसणारी बाग पायी बरीच लांब पडू शकते.

उलट बाजूने पाहू. हीच ३०० एकर जागा एकेक एकराच्या ३०० बागांत विभागलेली असती तर? एका छोट्या बागेभोवतीच्या ८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दोन चौरस किलोमीटर येतात. अशा ३०० बागांची वर्तुळे मिळून ६०० चौरस किलोमीटर होतात. म्हणजे सगळ्या मुंबईपेक्षा जास्त. ही वर्तुळे काही ठिकाणी एकमेकांवर येतील, मध्ये रेल्वेरुळ, नाले आणि महामार्ग आडवे येतील, तरी शहराचा बराचसा भाग त्यात सामावेल.

याचा अर्थ मोठ्या बागा नकोत, असा होतो का?

नाही. समुद्रातला भराव उचलून गोवंडीत नेता येत नाही आणि रेसकोर्सचे तुकडे करून वाटता येत नाहीत. मोठ्या बागेत जे होते ते एका एकरात होत नाही. जुनी उंच झाडे, पक्ष्यांची घरटी, पावसाचे पाणी मुरायला माती, उन्हाळ्यात जाणवण्याइतका गारवा, शहरभरातून येणाऱ्या गर्दीला सामावून घेण्याची क्षमता, हे सारे मोठ्या जागेचे गुण आहेत. मुंबईला त्यांची गरज आहेच.

अडचण होते ती मोठ्या बागेचे उद्घाटन झाले की मोकळ्या जागेचा प्रश्न सुटला, असे मानले जाते तेव्हा. एकरांची संख्या वाढते, बातमी होते आणि कुर्ला किंवा मालवणीतल्या मुलाचा क्रिकेटचा खेळ गल्लीतल्या दोन रिक्षांच्या मधल्या जागेतच चालू राहतो.

जवळची बाग हा विचार मुंबईला नवा आहे का?

अजिबात नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, हवा नसलेल्या वस्त्यांमध्ये ती पसरली. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी या ट्रस्टने केली. रस्ते आधी, मोकळी जागा आधी आणि इमारती नंतर, अशी ती पद्धत होती. माटुंग्याची ‘फाइव्ह गार्डन्स’ ही त्याच आखणीतली. दादर पारसी कॉलनीचे शिल्पकार मंचेरजी जोशी यांचे नाव या पंच उद्यानाला आहे. तिथे तिकीट नाही आणि पाहण्यासारखे ‘आकर्षण’ही नाही. झाडे, बाक आणि मोकळे गवत एवढेच आहे. तरी शंभर वर्षांनंतरही रोज सकाळ-संध्याकाळ ही जागा भरलेली असते.

१९२५ मध्ये खुले झालेले आणि १९२७ पासून शिवाजी पार्क या नावाने ओळखले जाणारे मैदान हे दुसरे उदाहरण. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. क्रिकेटपटू इथे घडले, राजकीय सभा इथे गाजल्या, आणि परीक्षेचा निकाल लागला की मुले येऊन बसतात तीही इथेच.

मरिन ड्राइव्हवर तर बागच नाही. समुद्र, कठडा आणि रुंद पदपथ आहे. आर्ट डेको इमारतींमुळे हा परिसर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण तो मुंबईकरांचा झाला त्याचे कारण वेगळे आहे. तिथे गेट नाही. रात्री दीड वाजता कामावरून सुटलेला वेटर आणि पहाटे पाचला धावायला आलेला बँकेचा अधिकारी एकाच कठड्यावर बसू शकतात.

राणीच्या बागेचा अनुभव काय सांगतो?

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे सगळ्यांची राणीची बाग, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. सुमारे ५० एकरांच्या या जागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. गोरखचिंचेचे पिंपासारखे खोड आणि लालसर फुलांच्या झुबक्यांची उर्वशी पाहायला वृक्षप्रेमी लांबून येतात. आवारातच १८७२ मधले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरी बेटावरून आणलेला आहे. त्या बेटाला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ नाव पडले, तोच हा हत्ती.

या बागेत दोन वेळा एकच प्रश्न उभा राहिला : ही बाग कशासाठी? पहिल्यांदा २००७च्या सुमारास. आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय करण्याचा शेकडो कोटींचा आराखडा तेव्हा पुढे आला. त्यात जुनी झाडे जातील, या भीतीने नागरिक एकत्र आले. वनस्पतींची मोजदाद केली, वारसा समितीकडे दाद मागितली. अखेर तो आराखडा बदलावा लागला. राणीची बाग ही प्राणिसंग्रहालयाच्या आधी वनस्पती उद्यान आहे, हा मुद्दा त्या लढ्याने शहराच्या लक्षात आणून दिला.

दुसऱ्यांदा हा प्रश्न पेंग्विनमुळे आला. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन खुले झाले. गर्दी उसळली. त्याच वर्षी प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपये दर ठेवला गेला. वातानुकूलित दालन चालवायला पैसा लागतो, हे खरे. मल्टिप्लेक्सच्या तुलनेत १०० रुपये स्वस्तही आहेत. पण पाच रुपये होते तेव्हा आसपासच्या चाळींतली माणसे केवळ सावलीत बसायला आत जात. तिकीट दहापट झाल्यावर बाग ही ‘जाऊन बसायची’ जागा उरत नाही, ‘बघून यायची’ जागा होते.

हँगिंग गार्डनखाली काय आहे?

पाणी. मलबार हिलचे फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, एका ब्रिटिशकालीन जलाशयाच्या छतावर आहे. १४ कोटी ७० लाख लिटर क्षमतेचा हा जलाशय टेकडीवर असल्याने दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला उताराच्या जोरावर पाणी पोहोचते. त्या छतावर मातीचा थर टाकून बाग केली गेली. समोरच १९५२ मधले कमला नेहरू उद्यान आणि त्यातला मुलांचा लाडका ‘म्हातारीचा बूट’ आहे.

हा जलाशय पाडून १९ कोटी लिटरहून अधिक क्षमतेचा नवा बांधण्याचा सुमारे ७०० कोटींचा प्रस्ताव होता. त्यासाठी ३८९ झाडे तोडावी किंवा हलवावी लागणार होती आणि बाग दीर्घकाळ बंद राहणार होती. २०२३ मध्ये नागरिकांनी विरोध केला. आयआयटीतील प्राध्यापकांचा समावेश असलेल्या तज्ज्ञांनी टाकीत उतरून पाहणी केली. त्यानंतर पुनर्बांधणी मागे पडली आणि दुरुस्तीचा पर्याय पुढे आला.

यातून एक गोष्ट दिसते. ज्या बागेला रोज येणारी माणसे असतात, तिच्यासाठी बोलणारेही असतात. राणीची बाग आणि हँगिंग गार्डन टिकल्या त्या त्यांच्यावर हक्क सांगणारे शेजारी होते म्हणून. ज्या वस्तीत बागच नाही, तिथे बागेसाठी राखलेला भूखंड गेला तरी कळत नाही.

वस्त्यांमधल्या छोट्या बागा का होत नाहीत?

पहिले कारण जमीन. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण टाकले म्हणजे बाग होत नाही. भूखंड खासगी असेल तर तो ताब्यात घ्यावा लागतो आणि मुंबईत जमिनीची किंमत बागेच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. त्यावर आधीच वस्ती असेल, तर तिथल्या लोकांच्या घरांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

दुसरे कारण देखभाल. एका मोठ्या बागेला एक व्यवस्थापन पुरते. शंभर छोट्या बागांना शंभर माळी, शंभर सुरक्षारक्षक आणि शंभर ठिकाणचे पाण्याचे कनेक्शन लागते. यावर उपाय म्हणून महापालिकेने भूखंड संस्थांना ‘दत्तक’ देण्याचे धोरण आणले. काही ठिकाणी त्याचे चांगले फळ दिसले. ओव्हल मैदान रहिवाशांच्या पाठपुराव्याने सावरले. मात्र काही भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि सार्वजनिक जागेला सभासदत्व लागू लागले, अशा तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१६ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या धोरणाला स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, त्यावरही हरकती घेतल्या गेल्या.

तिसरे कारण साधे आहे. छोट्या बागेचे उद्घाटन मोठी बातमी होत नाही.

जमीनच नसेल तर काय करता येते?

माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे याचे उत्तर आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेली ही ३७ एकर जागा एकेकाळी कचराभूमी होती. १९८० च्या दशकात तिथे माती टाकून झाडे लावायला सुरुवात झाली. २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, उद्यान खुले झाले. आज तिथे दाट वनराई आहे. फुलपाखरे पाहायला शाळांच्या सहली येतात.

कचऱ्यावर जंगल उभे राहू शकते, हे मुंबईने एकदा करून दाखवले आहे. म्हणून देवनारकडे लक्ष द्यायला हवे. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारी ही कचराभूमी गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्तीला लागून आहे. तिचा मोठा हिस्सा धारावीतील पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला आहे. घरे हवीतच. पण शतकभर धूर आणि दुर्गंधी सोसलेल्या या भागाला त्या जमिनीतून झाडांचा पट्टा किती मिळणार, हा प्रश्न ३०० एकरांच्या चर्चेत फारसा ऐकू येत नाही.

गोवंडीच्या कुटुंबाला कोस्टल रोडचा विहारपथ पाहायचा असेल, तर हार्बर लोकलने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने दादर, मग पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी आणि पुढे बस, टॅक्सी किंवा पायी हाजी अली. वर्षातून एकदा हौसेने करायचा हा प्रवास आहे. रोजचा नाही.

गेट, वेळ आणि तिकीट यांचा संबंध काय?

बाग जवळ असली तरी ती उघडी असावी लागते. दुपारी बाग बंद ठेवण्याची पद्धत मुंबईत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आली. पण दुपारी एक वाजता सावली कोणाला हवी असते? पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांना, फेरीवाल्यांना, दोन घरच्या कामांमधला तास काढायचा असलेल्या बाईला. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सोयीने वेळ ठरली की ही माणसे आपोआप बाहेर राहतात.

ऑनलाइन नोंदणीचेही तसेच. मलबार हिलच्या अरुंद मार्गावर गर्दी मर्यादित ठेवणे सुरक्षेसाठी गरजेचे आहे. पण ज्या आजोबांना फोनवर पैसे भरता येत नाहीत, त्यांच्यासाठी नातू सोबत असेपर्यंतच तो मार्ग खुला असतो. पुढच्या उद्यानांमध्ये खिडकीवरचे तिकीट आणि विनामूल्य वेळ यांची सोय सुरुवातीलाच ठेवता येईल.

या सुट्टीत कुठे जाल?

राणीची बाग : भायखळा स्थानक पूर्व. बुधवारी बंद. पेंग्विनच्या रांगेत उभे राहण्याआधी तासभर झाडांसाठी ठेवा.

मलबार हिल : हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट आणि उन्नत मार्ग हे तिन्ही एकाच फेरीत होतात. उन्नत मार्गाची वेळ निघण्याआधी नोंदवा.

कोस्टल रोड विहारपथ : हाजी अली, ब्रीच कँडी किंवा वरळीच्या बाजूने भुयारी मार्गाने जाता येते. नवी झाडे अजून लहान आहेत, सावली कमी. सूर्यास्ताच्या आधीचा तास बरा.

राष्ट्रीय उद्यान : बोरिवली स्थानक पूर्वेकडून जवळ. सोमवारी बंद. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी पाहायची तर सकाळीच निघा.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान : वांद्रे-शीव जोडरस्त्यावर, धारावी आगारासमोर. पावसाळ्यानंतरचे महिने चांगले.

शिवडी आणि ठाणे खाडी : हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरती-ओहोटीची वेळ पाहून जा.

शिवाजी पार्क आणि फाइव्ह गार्डन्स : दादर आणि माटुंगा. पैसे लागत नाहीत, नोंदणी नाही, घाई नाही.

जाण्याआधी वेळ आणि दर एकदा तपासून घ्या, कारण ते बदलत असतात.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

सेंट्रल पार्कचे आराखडे येतील तेव्हा त्यात झाडांची संख्या, कारंजी आणि वाहनतळ यांचे आकडे असतील. त्यासोबत तीन प्रश्न विचारायला हवेत. पायी येणाऱ्यांसाठी किती प्रवेशद्वारे असतील आणि ती कोणत्या वस्तीकडे उघडतील? स्थानकापासून, मेट्रोपासून तिथपर्यंत सावलीतून चालत जाता येईल का? आणि प्रवेश कायम विनामूल्य राहील, हे करारात लिहिलेले असेल का?

चौथा प्रश्न आपल्या प्रभागापुरता आहे. विकास आराखड्याचे नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या घराभोवती ८०० मीटरच्या आत बाग किंवा मैदान म्हणून राखलेला भूखंड कुठे आहे आणि आज त्यावर काय आहे, हे कोणीही शोधू शकतो. राणीची बाग वाचली तीही कोणी तरी आधी झाडे मोजायला बसले म्हणून.